घोषणा देणाऱ्याचं तोंड

संपादकांचा फोन आला. "डॉक्टर, राजकारणातल्या आतल्या गोष्टी लिहा. दिवाळीला वाचकांना जरा चटपटीत लागतं." मी म्हटलं, मी मूळचा दातांचा डॉक्टर, माझ्याकडे आतली गोष्ट म्हणजे अक्कलदाढ. ते म्हणाले, "मग तेच लिहा." इतक्या पटकन ते ऐकतील असं वाटलं नव्हतं. आता शब्द दिला म्हणून लिहायला बसलोय. आधीच सांगून ठेवतो, कुणाचं बिंग फोडायचा माझा विचार नाही, आणि हा लेख फराळाबरोबर वाचण्यासारखा होईल याची खात्रीही देत नाही.

बोरीवली आणि कांदिवलीच्या मधल्या पट्ट्यात, पूर्वेला, माझा दवाखाना आहे. तळमजला, एक खुर्ची, बाहेर दोन बाकडी. एका अंगाला गुजराती आणि मराठी सोसायट्या, दुसऱ्या अंगाला डोंगराच्या दिशेने चढत गेलेल्या चाळी. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळ सोडून इकडे आलेली कोकणातली कुटुंबं त्या चाळींत राहायची. दोन्हीकडची माणसं त्याच बाकड्यांवर शेजारी शेजारी गाल धरून बसायची. दाढदुखीत जातपात आणि चौरस फूट दोन्ही विसरायला होतं.

दातांच्या डॉक्टरकडे हौसेने कुणी येत नाही. आधी लवंग होते, मग मेडिकलवाल्याकडची गोळी, मग शेजारणीचा सल्ला, आणि सगळं करून थकलं की आमची आठवण येते. म्हणजे पेशंट येतो तेव्हा घाबरलेला असतो आणि थोडा शरमलेलाही. अशा माणसाला खुर्चीत आडवं करून आम्ही दिवा त्याच्या तोंडावर पाडतो आणि सांगतो, आ करा. तो आ करतो. ज्याला शेजाऱ्याने दारात चप्पल काढलेली चालत नाही, तोही करतो. मग मी सांगेन ते ऐकतो. मी म्हटलं उद्या या, की उद्या येतो. मी म्हटलं सुपारी बंद, की निदान महिनाभर तरी बंद ठेवतो. हा मान मला कुणी निवडून दिलेला नव्हता. त्यामुळे तो किती मोठा आहे हे मला बरीच वर्षं कळलंच नाही.

राजकारणात मी पाण्यामुळे आलो. आमच्या गल्लीला पाणी कमी दाबाने यायचं आणि दातांचं काम पाण्याशिवाय होत नाही. मी वॉर्ड ऑफिसला खेटे घालायला लागलो. बाकड्यावर बसलेले लोक आपापली गाऱ्हाणी माझ्याबरोबर पाठवायला लागले. जयसुखभाई नावाचे एका सोसायटीचे सेक्रेटरी रूट कॅनालला यायचे, ते तर तोंडात कापसाचे बोळे असताना गटाराच्या झाकणाबद्दल बोलायचे. मला एक अक्षर कळायचं नाही, मी मान हलवायचो. झाकण बसलं की श्रेय मला मिळायचं. पुढे एका पक्षाच्या लोकांनी साधा विचार केला असणार की निम्म्या वॉर्डाच्या तोंडात या माणसाचा हात जाऊन आलाय, मतं मागायला वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. त्यांनी तिकीट दिलं. मी नगरसेवक झालो.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते. एका ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यक्रम होता. व्यासपीठावर पक्षाचे मोठे नेते भाषण करत होते, मी शेजारच्या खुर्चीत चेहरा गंभीर ठेवून बसलो होतो. पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या, काठी टेकत थेट व्यासपीठाशी आल्या, तोंडातली खालची कवळी काढली आणि माझ्या हातात दिली. "डॉक्टर, उजवीकडे टोचते हो. जरा घासून द्या." नेत्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. मी कवळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि आजींना सांगितलं, संध्याकाळी या. नेते नंतर मला म्हणाले, "तुमचं काही खरं नाही बुवा." मला मात्र त्या दिवशी घरी जाताना फार बरं वाटत होतं.

आमदार झालो आणि हे थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नाही. दवाखान्यात माझ्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई बसायला लागल्या, आणि मी पलीकडच्या गाळ्यात, जनसंपर्क कार्यालयात. तिथेही बाकडी होती, गर्दी तर दवाखान्याच्या कितीतरी पट. शाळेचा प्रवेश, हॉस्पिटलची खाट, पुनर्विकासातली भांडणं, बारशी, लग्नं, तेराव्याची जेवणं. लोक मला डॉक्टर म्हणायचे बंद झाले. साहेब म्हणायला लागले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमदाराचा शब्द म्हणजे केवढा वजनदार. प्रत्यक्षात साहेबाने बोललेल्या प्रत्येक वाक्याचा लोक आधी वास घेतात. हा असं का म्हणाला? कुणाला ऐकवायला म्हणाला? यात आपलं काय जाणार आणि कुणाचं काय येणार? मी एखाद्या मंडळाच्या अध्यक्षाला सहज म्हटलं, "अहो, तुमच्या हिरड्या सुजल्यात, दाखवून घ्या," तर तो आठवडाभर विचार करायचा की साहेबांना माझं काय खटकलंय. तोंडावर सगळेच "होय साहेब" म्हणायचे. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा आवाज माझ्यापर्यंत पोचला.

हे मला कळत होतं, पण कळून मी त्यावर हसायचो. सदा परबच्या बाबतीत हसणं संपलं.

सदा माझ्याकडे प्रथम आला तो पेशंट म्हणून. शाळेची बस चालवायचा. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडे, स्वतः मात्र मुंबईतच जन्मलेला. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं आणि दुपारी परत न्यायचं, मधला सगळा वेळ बसच्या पायरीवर मोकळा. त्या मोकळ्या वेळात त्याला दोन गोष्टींचा नाद लागला, मावा आणि समाजकारण. त्याची दाढ मी काढली तेव्हा भुलीचं इंजेक्शन बघून तो खुर्चीतून उठून पळाला होता. मी मागे रस्त्यापर्यंत गेलो आणि हाताला धरून परत आणलं. त्या दिवसापासून तो माझा माणूस. मला पहिल्यांदा "डॉक्टर, तुम्हीच उभे राहा ना" असं म्हणणाराही तोच.

त्याच्याकडे आवाज होता. सभेत, मिरवणुकीत घोषणा देणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. नुसता घसा असून भागत नाही. पहिली ओळ फेकायची, लोकांनी श्वास घेईपर्यंत थांबायचं, आणि ते पुरते तयार व्हायच्या केसभर आधी दुसरी द्यायची. लवकर दिली तर विस्कळीत होतं, उशीर झाला तर मिरवणूक मरगळते. सदा आधी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या. मग सुरू. "येऊन येऊन येणार कोण?" आणि गल्ली उत्तर द्यायची, "डॉक्टरांशिवाय आहेच कोण!" सगळे साहेब म्हणायला लागले तरी घोषणेत मी शेवटपर्यंत डॉक्टरच राहिलो. साहेब घातलं तर ताल बिघडतो, असं सदाचं म्हणणं होतं.

आमदारकीची पहिली पाच वर्षं संपत आली, दुसऱ्या निवडणुकीची तयारी सुरू झाली. एका चौकसभेच्या आधी माझ्या लक्षात आलं की सदाने शिट्टी मारली नाही. टाळ्या वाजवून सुरुवात केली. पुढच्या सभेलाही तेच. आवाज मोठा होता, पण चेपल्यासारखा यायचा. मग कार्यालयात सगळ्यांना मिसळ आली, सदाने पावाचा कोरडा तुकडा तेवढा घेतला. म्हणाला, "तिखट नको साहेब, तोंडाची आग होते."

वाचकांपैकी कुणाच्या घरी मावा-गुटखा खाणारं माणूस असेल त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगतो. सुपारीमुळे गालाची आतली बाजू हळूहळू चामड्यासारखी कडक होते. तोंड उघडायचं कमी होतं, तिखट सोसत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. आमची साधी परीक्षा म्हणजे स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये उभी घालायची. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर लगेच दाखवा. कडक झालेलं तोंड पूर्ववत होत नाही, पण मावा सोडला, वेळेवर उपचार केले, तर तिथेच थोपवता येतं. नाही थोपवलं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो.

मी सदाला आतल्या खोलीत नेलं आणि बोटं घालायला लावली. दोन गेली, तीही कशीबशी. मोबाईलच्या उजेडात बघितलं तर डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा. मी सांगितलं, "सदा, मावा आजपासून बंद. उद्या सकाळी दवाखान्यात ये. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"होय साहेब."

आला नाही. परत सांगितलं, परत "होय साहेब". म्हणाला, "निवडणूक होऊन जाऊ द्या ना. आत्ता मी आडवा झालो तर घोषणा कोण देणार?" त्याला वाटलं, हे ऐकून साहेब मनातून सुखावतील. दुसऱ्या कुठल्याही साहेबाच्या बाबतीत त्याचा अंदाज बरोबर ठरला असता.

मग मी माझ्याकडे जी ताकद होती ती वापरली. कार्यालयात पंचवीस-तीस कार्यकर्ते बसले होते, प्रचाराची कामं वाटून देत होतो. सदाचं नाव आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सदा घोषणा देणार नाही. तपासणीचा कागद माझ्या हातात येईपर्यंत त्याने माईकला हात लावायचा नाही. घोषणा हा नवीन आलेला निलेश देईल." चारचौघांत सांगितलं म्हणजे त्याला पळवाट राहणार नाही, असा माझा हिशोब. खुर्चीतून पळालेल्या पेशंटला रस्त्यावरून धरून आणला होता, तेच मी पुन्हा करतोय असं मला वाटत होतं.

निलेशने खाली मान घातली, पण त्याला आनंद झालेला लपत नव्हता. सदाने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला नाही. खोलीतल्या बाकी प्रत्येकाला कळला होता. सदाचा पत्ता कट. नवीन पोरगा आणायचा होता, म्हणून जुन्याच्या तोंडाचं कारण काढलं. साहेब हुशार आहेत.

तिसऱ्या दिवशी सदा समोरच्या पक्षात गेला.

समोरचे उमेदवार जाधव, माणूस वाईट नाही. त्यांनी सदाचा जाहीर पक्षप्रवेश करून घेतला, शाल घातली आणि माईक दिला. आमच्या दोघांच्या मिरवणुका हायवेच्या सर्व्हिस रोडला समोरासमोर आल्या तेव्हा सदा त्यांच्या उघड्या जीपवर उभा होता. माझ्याच घोषणेत माझ्या जागी जाधवांचं नाव घालून ओरडत होता. आमची पोरं चवताळली. मी हात जोडून उभा होतो, चेहऱ्यावर उमेदवाराचं हसू होतं, आणि नजर त्याच्या तोंडावर. लोकांबरोबर उत्तरातलं "आहेच कोण" म्हणताना आ म्हणायला जबडा जेवढा उघडायला हवा तेवढा उघडत नव्हता. शब्द दातांमागून येत होते.

मी त्याच्या घरी गेलो. आमदाराला एकट्याने कुठे जाता येत नाही. मागे चारपाच जण आलेच. त्यांना गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. सदाची बायको मंगल, तिने दार उघडलं, खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. सदा पलंगावर बसून राहिला.

मी म्हटलं, "सदा, पक्ष गेला खड्ड्यात. तू जाधवांचंच काम कर. फक्त तो चट्टा दाखव. माझ्याकडे नको, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे."

तो म्हणाला, "साहेब, चहा घ्या. मत मागायला आलात तर सरळ मागा. घरात चार मतं आहेत. त्यासाठी माझ्या तोंडाचं निमित्त कशाला?"

"अरे, मी डॉक्टर म्हणून आलोय."

"मग ते गल्लीत उभे आहेत ते कोण? कंपाउंडर?"

मंगल हसली आणि लगेच तिने पदर तोंडाला लावला. मी तिला म्हटलं, "वहिनी, निदान तुम्ही तरी यांना घेऊन जा." सदा मध्येच गरजला, "तिला कशाला मध्ये घेता? माका सगळा कळता!" रागावला की तो गावच्या बोलीत जायचा. माझा चहा संपायच्या आत गल्लीतल्या कुणीतरी काढलेला फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला होता. खाली ओळ होती, 'साहेब नाराज परबांच्या दारात'. संध्याकाळी जाधवांच्या लोकांनी त्यावर फटाके लावले.

शेवटचा उपाय म्हणून मी जाधवांनाच फोन केला. प्रतिस्पर्ध्याला निवडणुकीच्या ऐन धामधुमीत असा फोन कुणी केला असेल असं वाटत नाही. मी म्हटलं, "जाधव, तुमच्याकडे आलेल्या परबला आजार आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो. तुमचं ऐकेल. त्याला दोन दिवस सुट्टी द्या आणि तपासून घ्या."

ते मनापासून हसले. "डॉक्टर, मानलं तुम्हाला. माणूस परत ओढायची ही युक्ती आमच्या डोक्यात आली नसती."

मी शपथ घेतली. तर ते म्हणाले, "शपथा कसल्या घेता, आपण दोघंही धंद्यातले." मी फोन ठेवला. तोंडाची कुलपं उघडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. पण इथे कोणती किल्ली लावावी हेच सुचेना.

ती निवडणूक मी जिंकलो. अगदी थोडक्यात. तिसऱ्या एका उमेदवाराने जाधवांची मतं खाल्ली म्हणून वाचलो, असं सगळेच म्हणत होते आणि ते खरं होतं. गुलाल उडाला, पेढे वाटले. निलेशने घोषणा दिल्या, त्या दिवशी सगळ्याच लवकर पडत होत्या, पण विजयाच्या दिवशी ताल कोण बघतो.

पुढची पाच वर्षं सदा मला लांबून दिसायचा. गणपतीत, एखाद्या लग्नात, बसच्या पायरीवर. सुरुवातीला घोषणा देताना दिसायचा, मग नुसता झेंडा धरून, मग गर्दीत मागे. मी जवळ जायला लागलो की भोवतीचे लोक सरसावून उभे राहायचे आणि तो निघून जायचा. दोनदा मंगलकडे निरोप पाठवला. निरोप नेणारा माझाच कार्यकर्ता, त्याने तो कसा सांगितला असेल देव जाणे. मी अशा माणसांच्या वेढ्यात होतो की एका माणसाला 'तोंड दाखव' एवढे दोन शब्द धड पोचवता येत नव्हते. विधानसभेत मात्र मी मुखआरोग्यावर बोललो. बाकं वाजली.

त्यानंतरची निवडणूक मी हरलो. थोडक्यात वगैरे नाही, चांगला आपटलो. आठवड्यात कार्यालय ओस पडलं. निलेश आता दुसरीकडे घोषणा देतो. मी दवाखान्यात परत आलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी सकाळची वेळ मोकळी केली, त्यांच्या डोळ्यांत जरा कीव होती. पेशंट फिरकत नव्हते. जुन्यांना संकोच वाटत असणार, पडलेल्या आमदारासमोर जाऊन आ कसं करायचं? मी औजारं उकळायचो, वाळवायचो आणि रस्त्याकडे बघत बसायचो.

अशाच एका सकाळी मंगल दारात आली. मागे सदा, तोंडावर उपरणं गुंडाळलेला. इतका वाळला होता की आधी मी ओळखलंच नाही. तो न सांगता खुर्चीत जाऊन बसला.

मी उपरणं सोडलं. वास आला, तेव्हाच मला कळलं. तरीही बोट घातलं. एकसुद्धा धड जात नव्हतं. आरसा वाकडा करून दिवा फिरवला. डाव्या गालात आत जखम होती, कडा उलटलेल्या, दगडासारख्या टणक. मानेला गाठ लागली. मी हात मागे घेतला आणि हातमोजे काढायला उगीच वेळ लावला.

"कधीपासून आहे?"

मंगल म्हणाली, "वर्ष होऊन गेलं असेल डॉक्टर. किती सांगितलं, कुठेतरी चला. हे म्हणायचे, दाखवीन तर डॉक्टरलाच दाखवीन. साहेबाला नाय दाखवणार."

मी सदाला म्हटलं, "अरे, पण मीच होतो ना रे तो."

त्याने मान हलवली. नव्हतात. मग दातांच्या फटीतून, एकेक शब्द ढकलत बोलला, "तुमी पडलात म्हणान इलंय, डॉक्टर."

त्यात टोमणा नव्हता. त्याच्या मनात सगळं सरळ होतं. साहेबाला माझ्याकडून काही हवं असणार, म्हणून साहेबाचं ऐकायचं नाही. आता या माणसाला कुणाकडून काही हवं नाही, म्हणजे आता हा खरं बोलेल. इतकी वर्षं तो माझ्यातल्या डॉक्टरची वाट बघत थांबला होता. माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कुणी टाकलेला नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो. माजी आमदाराला कुणी ओळखलं नाही, ते बरंच झालं. सगळ्यांसारखे रांगेत बसलो. डॉक्टरांनी जबड्याचा डावा भाग काढला, जिभेचाही काही भाग गेला. नंतर रेडिएशनचे शेक दिले. मधल्या काळात जरा बरं वाटलं, मग मानेत परत गाठ आली. शेवटी नळीवाटे पेज.

मी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जायला लागलो. आता गल्लीत माझ्यामागे कुणी यायचं नाही. तोंडाचं ड्रेसिंग मीच करायचो. मंगल वाटी आणि कोमट पाणी घेऊन शेजारी बसायची. कुठल्यातरी प्रचाराची मिरवणूक एकदा त्या गल्लीतून गेली. कुणीतरी नवीन पोरगा ओरडत होता, "येऊन येऊन येणार कोण?" लोक उत्तर देताहेत तोवर त्याने पुढची ओळ घुसवली. सदा डोळे मिटून पडला होता. त्याने पलंगाच्या पट्टीवर तळव्याने ठोका दिला, थांबला, आणि योग्य जागी दुसरा ठोका दिला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत नाराजीने मान हलवली. ती मिरवणूक कुणाची होती ते त्यानेही विचारलं नाही आणि मीही बघितलं नाही.

गेल्या थंडीत तो गेला. मंगल त्याच्याच शाळेच्या बसवर पोरांना सांभाळायचं काम करते आता. मी भेटलो की डॉक्टर म्हणते.

पेशंट पुन्हा यायला लागलेत. मावा खाणारा कुणीही आला की तक्रार काहीही असो, मी आधी तीन बोटं घालायला लावतो. लोक ऐकतात. आ करतात, घाबरतात, सोडतो म्हणतात, काही जण खरंच सोडतात. मी एक चिठ्ठी लिहून न देता, कुणाला फोन न करता, नुसतं तोंडाने सांगून माणसं ऐकतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं आणि दर वेळी वाईटही वाटतं.

सदाच्या तेराव्याला गल्लीत मांडव होता. दोन्ही पक्षांची माणसं आली होती, जाधवही. ते माझ्या शेजारी येऊन बसले, जाताना माझा हात जरा जास्त वेळ धरला. जेवण झाल्यावर माझ्या जुन्या कार्यकर्त्यांपैकी एकाने मला बाजूला घेतलं. "साहेब, पुढच्या वेळी उभे राहा. हवा फिरतेय. एकदा पडलात ते एवढं मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "लावून घेतलंय रे. पाच वर्षं आधीच पडायला हवं होतं."

साहेब विनोद करतायत असं त्याला वाटलं. तो हसला, आणि तो हसला म्हणून शेजारचे दोघंही हसले.